बदललेले मिडी ड्रम शेवटच्या कडव्यापर्यंत ऑडिओसोबत कसे ठेवायचे

गाणं सुरू होते तेव्हा सगळं झकास असते. मुखड्यात नवीन मिडीचा किक (किक म्हणजे पायानं वाजवायचा मोठा ड्रम, मिडी म्हणजे कोणता ठोका कधी नि किती जोरात याची नुसती नोंद, आवाज कॉम्प्युटर देते) आणि रेकॉर्डिंगमधला मूळ किक एकावर एक बसलेले, पहिलं कडवंही निघून जाते, आणि तिसऱ्या कडव्याच्या आसपास ढोलक एकीकडं अन् किक दुसरीकडं. मंग पोट्टे काय करतात, तिथलं मिडी माउसनं पकडतात, कानाला बरं वाटेपर्यंत सरकवतात, पुढचं कडवं आलं की पुन्हा सरकवतात, आणि रात्रीचे दोन वाजले तरी गाणं काही जुळत नाही.

सरकवणं चुकीचं नाही, पण तो चार रोगांपैकी एकाच रोगाचा इलाज आहे. बाकी तिघांवर तो केला की रोग वाढतो. म्हणून आधी कोणता रोग ते पाहा, मंग हात लावा.

मी हे गावाकडच्या रेकॉर्डिंगला धरून लिहून राहिलो, म्हणजे समाजमंदिरात नाहीतर मांडवात क्लिकशिवाय वाजवलेलं भीमगीत, खंजिरीवरचं भजन, झाडीपट्टीच्या नाटकातली गाणी, नवरात्रातले देवीचे कार्यक्रम. ड्रमसेट एका-दोन माइकवर घेतलेला किंवा ऑक्टापॅड थेट मिक्सरमध्ये टाकलेला, आणि मिक्सला बसल्यावर कळते की किक म्हणजे नुसता पुठ्ठ्याचा डबा वाजून राहिला. पुन्हा वाजवायला मंडळी काही येत नाही, तर तो किक मिडीनं बदलायचा. रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर मी रीपर धरतो, कारण ६० दिवस तपासून पाहता येते आणि लहान लायसन ६० डॉलरचं आहे. तुमच्याकडं दुसरं असेल तर बटनाची नावं बदलतील, काम तेच राहते.

## आधी बघा, नेमकं कसं सुटून राहिलं

गाण्यात चार जागा निवडा. पहिली सम, पहिल्या कडव्याची सुरुवात, मधातलं म्युझिक आणि शेवटचा ठोका. नवीन ड्रमची ट्रॅक ऑडिओत रेंडर करून, म्हणजे तिची आवाजाची फाइल काढून, मूळ किकच्या खाली ठेवा आणि दोघांच्या लाटा जिथून उठतात तिथला फरक मिलिसेकंदात मोजा, चारही आकडे कागदावर लिहा. मिडीच्या नोटची जागा मोजायची नाही, त्यातून निघालेल्या आवाजाची मोजायची. नोट बरोबर जागी दिसून आवाज उशिरा येणं हे रोजचं आहे, ते टप्पा ५ मध्ये येईल.

आकडे या चारपैकी एका जातीचे निघतील:

सगळीकडं सारखे. समजा १२, १२, ११, १२. हा सगळ्यात सोपा. सॅम्पलच्या (नवीन किकचा आधीच रेकॉर्ड केलेला आवाज) सुरुवातीला शांतता आहे किंवा ट्रिगर (ऑडिओतला ठोका ओळखून मिडीची नोट टाकणारं साधन) उशिरा पकडून राहिला. एकदाच सगळं सरकवा, विषय संपला.

वाढत जाणारे. ०, ४०, ९०, १६०. इथं सरकवून काहीच होणार नाही, सुरुवात जुळवली की शेवट जाईल आणि शेवट जुळवला की सुरुवात.

एकदम उडी. ०, ०, ३५, ३५. कुठंतरी एका जागी काहीतरी तुटलं आहे, ती जागा शोधायची.

विखुरलेले. ३, उणे ८, १४, उणे २. ट्रिगर दर वेळी ठोक्याची वेगळी जागा पकडून राहिला, नाहीतर मिडीवर क्वांटाइझ मारलं गेलं आहे, म्हणजे नोटा ओढून टेम्पोच्या रेघांवर बसवल्या आहेत.

वाढत जाणाऱ्यात आकडा किती मोठा यावरूनच अर्धं उत्तर मिळते. सहा मिनिटांच्या गाण्यात फरक अर्ध्या मिनिटाच्या आसपास गेला असेल तर सॅम्पल रेटचा घोळ आहे (सेकंदाला आवाजाची किती मोजमापं घेतली तो आकडा, प्रत्येक मोजमापालाही सॅम्पलच म्हणतात), ४८ हजारची फाइल ४४.१ हजार समजून वाजली की ती ८ टक्क्यांहून जास्त हळू होते आणि सूरही पेटीवर जवळपास दीड पट्टी उतरतो, म्हणून हा घोळ बहुतेक वेळा गाणाराच आधी पकडतो. फरक पाऊण-एक सेकंदाचा असेल तर टेम्पोचा, म्हणजे मिनिटाला किती ठोके त्याचा, आकडा पाहा. गाण्याचा खरा टेम्पो ९७.३ आहे आणि तुम्ही ९७ टाकला, तर चार मिनिटांत मिडी ०.७४ सेकंद मागं पडते. ९७.३१ च्या जागी ९७.३० टाकला तरी चार मिनिटांत २५ मिलिसेकंद जातात, म्हणजे किकला फ्लॅम (एका ठोक्याचे दोन) ऐकू येण्याइतके. आणि फरक फक्त १५-२० मिलिसेकंदाचा असेल, टेम्पोही बरोबर असेल, तर दोन वेगळ्या मशीनवर रेकॉर्डिंग झालं आहे. प्रत्येक मशीनचं घड्याळ थोडं वेगळं चालते. दोघांत दहा लाखात ५० चा फरक असला तरी सहा मिनिटांत १८ मिलिसेकंद होतात.

## टप्पा १ : फाइल साफ करून घ्या

ड्रमला हात लावायच्या आधी हे करायचं. नंतर केलं तर सगळं पुन्हा.

मूळ वेव्ह फाइल मागवा. व्हॉट्सअॅपवर ऑडिओ म्हणून आलेली फाइल घेऊच नका, ती दाबलेली असते. एमपीथ्री पण नको, कारण एमपीथ्री बनताना फाइलच्या सुरुवातीला थोडी शांतता जोडली जाते, नेहमीच्या एन्कोडरमध्ये हजारेक सॅम्पल, ४४.१ वर २५ मिलिसेकंदांच्या जवळपास. किकची ट्रॅक वेव्ह आणि गाण्याची एमपीथ्री असं कोणी पाठवलं की हा फरक पहिल्या ठोक्यापासून आहेच, आणि तुम्ही ड्रम प्लगइनला (सॉफ्टवेअरमध्ये जोडलेला लहान प्रोग्राम) दोष देत बसता.

फाइलवर राइट क्लिक करून सॅम्पल रेट पाहा, मंगच प्रोजेक्ट सेटिंगमध्ये तोच रेट टाका आणि शेजारची खूण करा. व्हिडिओवाल्याकडून किंवा मोबाइलवरून आलेला आवाज साधारण ४८ हजारचा असतो, जुने रेकॉर्डर ४४.१ वर असतात. दोन्ही आले तर एकाला आधी नीट कन्व्हर्ट करून घ्या, एका प्रोजेक्टमध्ये तसेच टाकून सॉफ्टवेअरच्या भरवशावर सोडू नका.

ड्रम एका रेकॉर्डरवर आणि गाणं दुसऱ्यावर असेल तर दोन टाळ्या लागतात, सुरुवातीला एक आणि शेवटी एक. पुढच्या वेळी रेकॉर्डिंगला जाल तेव्हा हे आठवणीनं करा, टाळी नसेल तर दोन्हीकडं ऐकू येणारा एखादा कडक ठोका घ्या. सुरुवातीची टाळी जुळवा, शेवटच्या टाळीपर्यंत एक फाइल थोडीशी ताणा, पिच न बदलता, आणि लगेच तिचं नवीन वेव्ह बनवून घ्या. ताणलेली फाइल तशीच ठेवून तिच्यावर ट्रिगर लावला की नंतर कोणीतरी तिचा रेट चुकून पूर्ववत करते आणि मिडी लटकते.

आता लाइनचं. उन्हाळ्यात रेकॉर्डिंगच्या मधात लाइन गेली, इन्व्हर्टरवर आली, लॅपटॉप बॅटरीवर गेला आणि त्यानं स्वतःचा वेग कमी केला, की काही सॅम्पल गळतात. ऐकताना एक बारीक टक् ऐकू येते, बस. पण त्या टक् मध्ये २०-३० मिलिसेकंद गायब झालेले असू शकतात. सगळ्या ट्रॅक एकाच इंटरफेसवर (माइक कॉम्प्युटरला जोडायचा डबा) असतील तर सगळ्यांतून सारखेच गळतात आणि मिडी-ऑडिओत फरक पडत नाही, फक्त तालाला ठेच लागते. पण ऑक्टापॅडचं मिडी सोबत घेतलं असेल किंवा ड्रम दुसऱ्या मशीनवर असेल, तर तिथून पुढं उडी बसते. वर जे ०, ०, ३५, ३५ लिहिलं ते बहुधा हेच. इलाज असा, की त्या टक् च्या जागेवर मिडी कापायचं आणि तिथून पुढचं सगळं एकदाच तेवढं सरकवायचं. लॅपटॉपची पॉवर सेटिंग रेकॉर्डिंगच्या आधीच पूर्ण क्षमतेवर ठेवा, बॅटरीवर असतानाची सुद्धा.

कूलर बंद ठेवायला सांगा. मे महिन्यात हे सांगणं जड जाते हे मलाही कळते, पण कूलरची घरघर किकच्या माइकमध्ये बसली की टप्पा ४ मध्ये तीच घरघर ट्रिगरला नाचवते.

तपासणी : साध्या प्लेअरमध्ये फाइल जेवढी लांब दाखवते तेवढीच प्रोजेक्टमध्ये दिसली पाहिजे, सेकंदापर्यंत. नाही दिसली तर पुढं जाऊ नका.

## टप्पा २ : ऑडिओ जागेवर खिळून ठेवा

रीपरमध्ये प्रोजेक्टचा टाइमबेस मुळात बीट्सवर असतो. म्हणजे तुम्ही टेम्पोचा आकडा बदलला की ऑडिओचे तुकडे बिचारे जागेवरून हलतात, काही वेळा ताणलेही जातात. रेकॉर्ड केलेल्या सगळ्या ट्रॅक निवडा, राइट क्लिक, ट्रॅक टाइमबेस टाइमवर करा. क्युबेसमध्ये ट्रॅकवरचं बटन म्युझिकलवरून लीनियरवर, प्रो टूल्समध्ये टिक्सवरून सॅम्पल्सवर, लॉजिकमध्ये रीजनची एसएमपीटीई जागा लॉक करा. एबलटनमध्ये लांब फाइल आल्या आल्या आपोआप वॉर्प होऊ शकते, म्हणजे टेम्पोनुसार ताणली जाते, ते सेटिंग फाइल टाकायच्या आधीच बंद पाहिजे.

तपासणी : टेम्पो मुद्दाम ६० करा, गाणं वाजवा. काहीच बदललं नाही ना? मंग अनडू करा आणि पुढं चला.

## टप्पा ३ : टेम्पो मॅप लागतो का, ते ठरवा

इथं बहुतेक जण उगाच मेहनत करतात. तुम्हाला फक्त वाजलेला ठोका बदलायचा असेल, जिथं मूळ किक आहे तिथंच नवा किक, तर टेम्पो मॅपची, म्हणजे गाण्यात टेम्पो कुठं किती आहे त्या नकाशाची, गरजच नाही. मिडी ऑडिओतूनच निघणार, ते ऑडिओच्याच जागी बसेल, ग्रिड (टेम्पोच्या उभ्या रेघा) कुठंही असो. ग्रिड डोळ्याला वाकडी दिसते म्हणून ती सरळ करायचा मोह होतो, तो आवरा.

मॅप लागतो तो नवीन फिल (मधात भरायचे ठोके) टाकायचे असतील, शेकर किंवा घुंगरू प्रोग्राम करायचे असतील, नाहीतर इको गाण्याच्या चालीवर बसवायचा असेल तेव्हा. क्लिकशिवायच्या गाण्यात चाल चढतेच. मुखडा ९२ वर, आणि शेवटच्या कडव्याला लोक टाळ्या वाजवायला लागले की १०१. एक आकडा टाकून हे गाणं पकडता येत नाही.

मॅप करायचाच तर असा करा:

१. मेट्रोनोम बंद. गाणं ऐकून ताल ठरवा. केरवा असेल तर चार-चारची मोजणी, दादरा असेल तर सहाची. दादऱ्यावर चारची ग्रिड लावली की पुढचं सगळं वाया.

२. गाणारा ज्याच्या भरवशावर चालून राहिला ते वाद्य पकडा. भजनात तो टाळ नाहीतर खंजिरी असते, ऑर्केस्ट्रात ढोलक. किकवाला स्वतःच मागं-पुढं होत असेल तर त्याच्यावर मॅप बांधू नका.

३. त्या ट्रॅकवर टॅब बटन दाबत ठोक्या-ठोक्यावर जा आणि समेवर मार्कर टाका. चार आवर्तनांचं टाइम सिलेक्शन करा, एका समेपासून पाचव्या समेपर्यंत, आणि सिलेक्शनमधून मेजर (measure) बनवायचा पर्याय वापरा. टेम्पो सॉफ्टवेअर स्वतः काढते, दशांशासकट. तो आकडा गोल करू नका.

४. असं गाणंभर. मंग मेट्रोनोम लावून ऐका, जिथं सुटते तिथं दोन आवर्तनांवर अजून एक मार्कर. दर ठोक्याला मार्कर नको. दर ठोक्याला मार्कर टाकला की वाजवणाऱ्याची प्रत्येक लहर टेम्पो बनते आणि नंतर टाकलेला शेकर लंगडत चालते.

इशारा : मॅप मिडीच्या आधी. मिडी तयार झाल्यावर टेम्पोला हात लावला की सगळ्या नोटा ग्रिडसोबत पळतात आणि ऑडिओ तिथंच राहते. नंतर मॅप करणं भागच पडलं तर आधी प्रोजेक्टची कॉपी ठेवा आणि मिडी आयटमच्या सोर्स प्रॉपर्टीत प्रोजेक्टच्या टेम्पोकडं दुर्लक्ष करायची खूण करून घ्या.

ऑडिओतून काढलेलं मिडी आणि तुम्ही नव्यानं लिहिलेलं मिडी, या दोघांची ट्रॅक मी कायम वेगळी ठेवतो. पहिलं वेळेला बांधलेलं, दुसरं ग्रिडला. एकाच आयटममध्ये दोन्ही टाकले की टेम्पो सुधारताना एक सुधरते आणि दुसरं बिघडते.

## टप्पा ४ : ट्रिगर

खरं काम इथं आहे, आणि याच टप्प्याला लोक पाच मिनिटं देतात.

किकच्या ट्रॅकची कॉपी करा, नाव द्या ट्रिगर, मास्टरला (सगळ्या ट्रॅक जिथं एकत्र होतात ते आउटपुट) जायचं तिचं कनेक्शन काढून टाका. मूळ ट्रॅकवर काहीही लावू नका, ती मोजपट्टी आहे. एका वेळी एकच वाद्य, आधी किक, तो पूर्ण झाला की स्नेअर (काठीनं वाजवायचा करकरीत ड्रम). हॅट आणि क्रॅश या झांजा मी बदलतच नाही, एका-दोन माइकच्या रेकॉर्डिंगमध्ये ते सगळीकडं सांडलेले असतात, नवीन टाकले की जुने मागून ऐकू येतातच.

फिल्टर. किकच्या कॉपीवर वरचा आवाज कापा म्हणजे ढोलक आणि हॅट ट्रिगर होणार नाही. स्नेअरच्या कॉपीवर साधारण १५०-२०० हर्ट्झच्या खालचं कापा, ६-८ हजारच्या वरचं पण. पण इथं एक गोम आहे. नुसता खालचा आवाज ठेवला की लाट हळू उठते, आणि फिल्टर जितका कडक तितका डिटेक्टर उशिरा जागा होते. म्हणजे ठोके बरोबर निवडले जातील, पण वेळ चुकेल. म्हणून उतार सौम्य ठेवा, आणि किकमधली ती टप् असा आवाज करणारी पट्टी, साधारण २ ते ४ हजार, पूर्ण मारून टाकू नका, वेळ तीच सांगते.

थ्रेशोल्ड, म्हणजे आवाज किती मोठा झाला की ठोका धरायचा ती पातळी. मोठ्या ठोक्यावर लावू नका. मुखड्यातला सगळ्यात हळू पण खरा किक शोधा आणि थ्रेशोल्ड त्याच्या जरासा खाली ठेवा, मंग शेवटचं कडवं वाजवून पाहा की ढोलकच्या थापा पकडल्या जाऊन राहिल्या का. दोन्ही एका आकड्यात बसत नसतील, आणि बहुधा बसत नाहीत, तर गाण्याचे दोन-तीन तुकडे करून प्रत्येकाला वेगळा थ्रेशोल्ड द्या.

पुन्हा ट्रिगर व्हायची वेळ. एका ठोक्याची दोनदा नोट नको, पण खरा रोलही गिळला जायला नको. १०० च्या टेम्पोत सोळावा हिस्सा १५० मिलिसेकंदांचा असतो, तर किकला ८०-१०० चालते. स्नेअरला ५० च्या आसपास, कारण १२० वर बत्तीसावा हिस्सा ६२.५ चा होते आणि उत्साही ड्रमर फिलमध्ये तिथपर्यंत जातो.

मिडी काढायचे दोन रस्ते. रीपरचा रीअगेट लावून गेट (पातळी ओलांडली की उघडणारं दार) उघडला की मिडी नोट पाठवायची आणि ट्रॅकचं आउटपुट मिडी म्हणून रेकॉर्ड करायचं, किंवा रीपरच्या डायनॅमिक स्प्लिट या सोयीत ठोके शोधून त्यांचं मिडी आयटम बनवायचं. मला दुसरा जास्त भरवशाचा वाटते, कारण गाणं वाजवत बसावं लागत नाही आणि ठोक्याची सुरुवात नीट पकडली जाते. त्यात प्रत्येक ठोक्याला चढती वेगळी नोट मिळते, ते पाहून घाबरू नका. सगळ्या निवडून एका नोटवर आणा. नेहमीच्या जनरल मिडीत ३६ किक, ३८ स्नेअर, ४२ बंद हॅट, ४६ उघडी हॅट, ४९ क्रॅश.

आता विखुरलेल्या आकड्यांचं मूळ. थ्रेशोल्डवाला ट्रिगर लाट एका उंचीला पोचली की नोट टाकते. जोराचा किक त्या उंचीला लगेच पोचते, हळू किकला वेळ लागते. एक जोराचा आणि एक हळू किक शेजारी ठेवून मोठं करून पाहा, जोराच्याची नोट लाटेच्या पायथ्यापासून एखाद-दोन मिलिसेकंदावर दिसेल, हळूची पाच-सात वर, कधी जास्त. मुखडा थोडा मागं ओढल्यासारखा आणि कोरस अंगावर आल्यासारखा वाटते तो यामुळं, वाजवणाऱ्याचा काही दोष नसते. सगळं सारखं सरकवून हे जात नाही. नोट निवडायची, कर्सर टॅबनं ठोक्याच्या सुरुवातीवर न्यायचा, नोट तिथं बसवायची. सगळ्या गाण्यात करायची गरज नाही, मुखडा आणि शांत जागा केल्या की बहुतेक काम होते.

तपासणी : एका कडव्यात कानानं किक मोजा आणि मिडीच्या नोटा मोजा. जास्त नोटा म्हणजे ढोलक घुसलं, कमी म्हणजे हळू ठोके गळाले.

इशारा : क्वांटाइझ नाही. बाकी मंडळी माणसासारखी वाजवून राहिली आणि किक एकटा सरळ रेषेत आला की तोच बेताल वाटते.

## टप्पा ५ : नवीन आवाज बसवा

नोट बरोबर आणि आवाज उशिरा, याची तीन कारणं.

पहिलं, सॅम्पलच्या आधीची शांतता. फुकटच्या सॅम्पल पॅकमध्ये हे फार असते. सॅम्पल उघडा, मोठं करा, आवाज सुरू व्हायच्या आधी सरळ रेघ असेल तर ती कापा. ४४.१ वर ४४ सॅम्पल म्हणजे एक मिलिसेकंद.

दुसरं, प्लगइनचा स्वतःचा उशीर. लुकअहेड लिमिटरसारखे प्लगइन आवाज थांबवून ठेवतात, आणि सॉफ्टवेअर बाकी ट्रॅक तेवढ्या मागं करून भरपाई करते. पण एखादा जुना प्लगइन आपला उशीर खोटा सांगते, मंग भरपाई पण खोटी होते. संशय आला की ड्रमच्या ट्रॅकवरचे प्लगइन एकेक करून बंद करा, रेंडर करा, मोजा.

तिसरं, ड्रम प्लगइनमधलं ह्यूमनाइझ. ते मुद्दाम वेळ मागं-पुढं करते. बदलीच्या कामात ते बंदच पाहिजे, माणूस आधीच वाजवून गेला आहे.

हे तिन्ही पाहून झाल्यावर जो एकसारखा फरक उरेल तो, आणि फक्त तोच, ट्रॅकच्या प्लेबॅक ऑफसेटमध्ये टाका, लॉजिकमध्ये आणि क्युबेसमध्ये त्याला ट्रॅक डिले म्हणतात. आवाज लवकर आणायचा असेल तर आकडा उणे. नोटा हातानं ओढण्यापेक्षा हे बरं, सॅम्पल बदललं तर फक्त आकडा बदलायचा.

## टप्पा ६ : जुन्यासोबत जुळवा

जुना किक पूर्ण काढला तरी तो ओव्हरहेड (ड्रमच्या वर लावलेल्या) माइकमध्ये आणि गाणाऱ्याच्या माइकमध्ये असतेच. म्हणून नवीन किक त्याच्याशी भांडत नाही ना हे पाहावं लागते. दोन सारखे आवाज एक मिलिसेकंदाच्या फरकानं आले की ५०० हर्ट्झच्या जवळ खड्डा पडते, पाच मिलिसेकंदानं आले की १०० हर्ट्झला, म्हणजे नेमका किकचा जीव जिथं आहे तिथं. नवीन किक टाकूनही पोट भरत नाही अशी तक्रार असते ती इथली.

दोन्ही लाटा मोठ्या करून पहिली टेकडी वर जाते की खाली ते पाहा. उलट असतील तर एकाची पोलॅरिटी फिरवा, म्हणजे लाट उलटी करा. मंग मास्टर मोनो करून ऑफसेट अर्ध्या-अर्ध्या मिलिसेकंदानं हलवत ऐका आणि जिथं किक सगळ्यात भरीव वाटते तिथं थांबा.

मोजणी कायम किकच्या जवळच्या माइकशी करा. ओव्हरहेड दोन मीटर लांब असेल तर आवाज तिथं सहा मिलिसेकंद उशिरा पोचते, तो उशीर खरा आहे, त्याला दुरुस्त करायचं नाही.

कानाची एक सोपी तपासणी आहे. वायरचा हेडफोन लावा, मूळ किक पूर्ण डाव्या कानात, नवीन पूर्ण उजव्यात, दोघांची पातळी सारखी. जुळलं असेल तर किक डोक्याच्या मधात ऐकू येते. एका बाजूला झुकला तर त्या बाजूचा आधी येऊन राहिला. गाणंभर असं ऐका, जिथून झुकायला लागते तिथं मार्कर टाका.

ब्लूटूथ हेडफोनवर ही तपासणी चालून जाईल कारण दोन्ही आवाज सारखेच उशिरा येतात, पण ब्लूटूथ लावून पॅड वाजवायला बसू नका, तिथं १००-२०० मिलिसेकंदांचा उशीर सहज असते.

## ऑक्टापॅडचं मिडी सरळ घेतलं असेल तर

रोलँडच्या एसपीडी-२० सारख्या पॅडला मागं मिडी आउट असते, म्हणून वाटते की ट्रिगरची कटकटच नको. घ्या, जरूर घ्या, पण ऑडिओ आउट पण सोबत रेकॉर्ड करा. पाच पिनच्या मिडी वायरीतून सेकंदाला ३१,२५० बिट जातात, एका नोटला साधारण एक मिलिसेकंद लागते, म्हणजे किक, क्रॅश, टॉम एकदम मारले की ते एकापाठोपाठ एक येतात, एकदम नाही. स्वस्त यूएसबी मिडी वायर असेल तर त्यात अजून मागं-पुढं, आणि ते सुद्धा दर वेळी वेगळं. पॅडची ऑडिओ ट्रॅक असली की ती मोजपट्टी होते आणि मिडी तिच्यावर बसवता येते. नुसतं मिडी असलं तर खरा ठोका कुठं होता हे शोधायला काहीच उरत नाही.

पॅडच्या प्रत्येक पॅचमध्ये (आवाजांचा संच) नोट नंबर वेगळे असू शकतात. वाजवणारा गाण्याच्या मधात पॅच बदलत असेल तर किकची नोट मधातच बदलते आणि वाटते की ठोके गळाले. मिडीची यादी उघडून नंबर पाहा.

जुन्या गाण्यावर पॅड नव्यानं वाजवून घेत असाल तर त्याआधी लूपबॅक करा. इंटरफेसच्या आउटपुटमधून इनपुटमध्ये वायर लावा, क्लिक वाजवा, तोच रेकॉर्ड करा, दोघांतला फरक मोजा आणि प्रेफरन्समधल्या रेकॉर्डिंगच्या मॅन्युअल ऑफसेटमध्ये टाका. वाजवताना बफर (सॉफ्टवेअर एका वेळी किती सॅम्पल साठवून पुढं देते तो आकडा) लहान ठेवा. १०२४ चा बफर ४४.१ वर २३ मिलिसेकंदांचा असते, एवढ्या उशिरा ऐकू आलं की चांगला वाजवणाराही आपोआप पुढं पळते.

## टप्पा ७ : रेंडर आणि पाठवणं

सगळं जुळलं की मिडी तसंच ठेवून त्याची ऑडिओ ट्रॅक बनवा, गाण्याच्या शून्यापासून, पहिल्या ठोक्यापासून नाही. किक एक, स्नेअर एक. मिडीची ट्रॅक म्यूट करा, पुसू नका. यापुढं मिक्स फक्त या रेंडर केलेल्या ट्रॅकवर करा, म्हणजे प्लगइन अपडेट झालं किंवा दुसऱ्या लॅपटॉपवर उघडलं तरी वेळ हलत नाही.

मास्टरिंगला नागपूरला किंवा आणखी कुठं पाठवत असाल तर सगळ्या ट्रॅक एकाच शून्यापासून, एकाच सॅम्पल रेटवर, वेव्हमध्ये. मॅप केला असेल तर तो मिडी फाइल म्हणून सोबत द्या आणि सुरुवातीच्या रिकाम्या जागेत सगळ्या ट्रॅकवर एकाच जागी एक टक् टाकून द्या. तिकडं उघडल्यावर टक् रांगेत दिसले नाहीत तर फाइल टाकतानाच काही हललं आहे, हे ऐकायच्या आधीच कळते. व्हॉट्सअॅपवर पाठवायचंच असेल तर झिप करून डॉक्युमेंट म्हणून पाठवा, नाहीतर लिंक द्या.

पाठवायच्या आधी सुरुवातीचा तो कागद पुन्हा काढा, त्याच चार जागा, तीच मोजणी, या वेळी रेंडर झालेल्या फाइलवर. मूळ किकच्या माइकशी चारही आकडे दोन-तीन मिलिसेकंदांच्या आत आणि एकाच बाजूला असतील तर फाइल जाऊ द्या. तीन बरोबर आणि चौथा वेगळा निघाला तर तिसऱ्या आणि चौथ्या जागेच्या मधात कुठंतरी तुटलेलं आहे. तिथं अर्ध्यावर अजून एक जागा मोजा, मंग त्याच्या अर्ध्यावर, असं करत पाच-सात वेळा मोजलं की ती जागा सापडतेच.